तिकिटाचे पैसे जंगलात पोचतात का हो, ताई?

मागच्या अंकात गव्यांवरच्या एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले, की परदेशातली बरीच प्राणीसंग्रहालयं तिकिटातला काही वाटा जंगलातल्या प्राण्यांसाठी पाठवतात. बास, एवढंच. त्यावर पत्रांचा आणि व्हॉट्सअॅपचा असा मारा झालाय की संपादकांचा फोन आला, ताई ह्या वेळी सगळा कॉलम ह्यालाच देऊन टाका. काही पत्रं रागाची आहेत, काही खरंच माहिती विचारणारी, आणि एकात नुसतंच "नाद खुळा" लिहिलंय, ते कौतुक आहे का टोमणा हे मला अजून कळलेलं नाही. नावं नेहमीप्रमाणं छापत नाही, गाव तेवढं छापते.

राजारामपुरी, निवृत्त बँक कर्मचारी: वाघ पिंजऱ्यात आणि त्याच्या नावानं जंगलासाठी वर्गणी, हे मला तरी मंगळसूत्र गहाण टाकून हळदीकुंकू केल्यासारखं वाटतं. पैसे येतात कुठनं, किती येतात? मी आयुष्यभर बँकेत होतो, तेव्हा आकडे सांगा, भावना नकोत.

काका, आकड्यांनीच सुरुवात करू. जगभरातल्या प्राणीसंग्रहालयांची वाझा नावाची संघटना आहे. २०१० च्या सुमारास जो हिशोब मांडला गेला त्यात असं निघालं की वर्षाला साधारण ७० कोटी लोक प्राणीसंग्रहालयं आणि मत्स्यालयं बघायला जातात, आणि ही सगळी मंडळी मिळून जंगलातल्या संवर्धनावर वर्षाला साधारण ३५ कोटी डॉलर खर्च करतात. आता तुम्हीच भागाकार करा. माणशी अर्धा डॉलर. आजच्या भावानं चाळीस-पंचेचाळीस रुपये, म्हणजे आपल्याकडं त्यात धड एक मिसळपण येत नाही. एकूण रकमेकडं बघितलं तर मोठी वाटते, माणशी बघितली तर चिल्लर, आणि मला वाटतं दोन्ही गोष्टी एकदमच डोक्यात ठेवाव्यात. अमेरिकेतल्या संघटनेनं आपल्या सभासदांपुढं ठेवलेलं लक्ष्य आहे वार्षिक खर्चाच्या ३ टक्के रक्कम जंगलातल्या कामावर लावायची. लक्ष्यच ३ टक्के! उरलेले ९७ चारा, मांस, डॉक्टर, पगार, लाइट बिल, पिंजऱ्यांची डागडुजी ह्यात जातात.

येतात कुठनं म्हणाल तर तिकिटातला वाटा, दुकानातली विक्री, वार्षिक मेंबरशिप, प्राणी दत्तक योजना, कंपन्यांच्या देणग्या. काही ठिकाणी कॅन्टीनचं बिल वरच्या आकड्याला राउंड करून वरचे पैसे बाजूला काढतात. मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र टोकनची. कोलोरॅडोतल्या चेयेन माउंटन झूनं २००८ मध्ये ती सुरू केली. तिकिटातच ७५ सेंट, म्हणजे त्यांची पाव डॉलरची तीन नाणी, ह्या कामासाठी धरलेले असतात, पण ते गपचूप कापून घेत नाहीत तर तुमच्या हातात टोकन देतात, आणि मग आत मांडलेल्या प्रकल्पांपैकी कुठल्या प्रकल्पाला आपलं टोकन टाकायचं ते तुम्ही ठरवायचं. बघा गंमत, पैसे तर आधीच दिलेत, पण पोराच्या हातात टोकन आलं की त्याला वाचायला लागतं की कुठला प्राणी कुठं राहतो आणि त्याला काय झालंय. भावंडं असतील तर भांडणंही होत असणारच. पुढं अमेरिकेतल्या बऱ्याच झूंनी ही पद्धत उचलली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूनं त्याच्या आधीच, १९९९ मध्ये, गोरिलांचं कांगो नावाचं दालन उघडलं होतं, त्याला तिकीट वेगळं, आणि शेवटी स्क्रीनवर बोट ठेवून सांगायचं की माझ्या तिकिटाचे पैसे मध्य आफ्रिकेतल्या कुठल्या कामाला द्या. त्या एका दालनातनं एक कोटी डॉलरच्या वर रक्कम गेली. आपण अंबाबाईच्या दानपेटीत नोट टाकतो तेव्हा ती कुठं जाणार हे विचारत नाही, श्रद्धेचा भाग आहे, पण इथं विचारायची सोयच करून दिलीय.

हळदीकुंकवाची तुमची उपमा मात्र मी मैत्रिणींना ऐकवली आणि सगळ्या हसल्या.

आजरा तालुका, शेतकरी: ताई, आमच्या हितं हत्ती येतोय. ऊस खातोय थोडा, तुडवतोय जास्त. पंचनामा होतोय, पैसे येतील तवा येतील. आणि तिकडं विलायतेत बसून लोकं हत्ती वाचवा म्हणून पैसे देणार. हत्ती वाचवायचा का आमाला वाचवायचं, ते एकदा ठरवून सांगा.

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि ह्या अंकातलं सगळ्यात कामाचं पत्र हेच आहे.

इंग्लंडमध्ये चेस्टर नावाचं गाव आहे, तिथल्या झूकडं आशियाई हत्तींचा कळप आहे, आणि लोक तो बघायला तिकीट काढून येतात. ह्या झूनं २००४ मध्ये आसाममधल्या इकोसिस्टिम्स-इंडिया ह्या संस्थेबरोबर काम सुरू केलं. आसाम हाथी प्रोजेक्ट. आता हत्ती वाचवायचा म्हणून त्यांनी हत्तीला काय दिलं, तर काहीच नाही. पैसे गेले ते भातशेती करणाऱ्या गावांकडं, कारण हत्ती मरतो तो कुठं? विजेच्या तारेला चिकटून, विष घालून, नाहीतर रात्री शेतात धावपळीत. माणूसही तिथंच मरतो. म्हणजे भांडण शेताच्या बांधावर आहे, जंगलात नाही, तर पैसेही बांधावरच लावायला हवेत ना.

आणि त्यांनी वापरलं काय तर मिरची! वाळलेली मिरची, तंबाखू आणि पेंढा ह्यांची जुडी करायची आणि वाऱ्याचा रोख बघून पेटवायची, तो धूर हत्तीच्या सोंडेत गेला की तो वळतो. दुसरं म्हणजे दोरीचं कुंपण. दोरीला ग्रीसमध्ये कालवलेली मिरचीपूड आणि तंबाखू फासायची, ग्रीस कशाला तर पावसात धुऊन जाऊ नये म्हणून. शिवाय गावातल्या राखणीच्या टोळ्यांना लांब झोत टाकणाऱ्या बॅटऱ्या, काही ठिकाणी सौम्य झटक्याचं विजेचं कुंपण. ज्यानं घरात कांडप करताना ठसका खाल्लाय त्याला ह्यात शास्त्र समजावून सांगायची गरज नाही. तिकडं आसामात भूत जोलोकिया असते, पण आपली संकेश्वरीही काय कमी नाही, गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीच्या ढिगाजवळ दोन मिनिटं उभं राहून बघा.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. गावातल्याच पोरांना नोंदी ठेवायला शिकवलं, कुठल्या रात्री किती हत्ती आले, काय उपाय केला, किती नुकसान झालं. अशा बऱ्याच नोंदी जमल्यावर कळलं की मिरचीचं कुंपण, विजेचं कुंपण आणि बॅटरीचा झोत ह्यांचा उपयोग होतो, आणि नुसता आरडाओरडा, डबे बडवणं ह्यानं बाकीच्या उपायांचाही असर उलट कमी होतो. आपण नेमकं तेच पहिलं करतो. अख्खं गाव मोबाईल घेऊन हत्तीच्या मागं धावतं आणि सकाळी व्हिडिओ व्हायरल.

हे केलं की तुमचा ऊस वाचला असं मी म्हणणार नाही. भात चार महिन्यांचं पीक, त्याची राखण करता येते, ऊस वर्षभर उभा आणि हत्तीला आत लपायला जागाच जागा, तेव्हा आसामची गोष्ट आजरा-चंदगडला जशीच्या तशी बसणार नाही. नुकसानभरपाईचा अर्जही सोडू नका. पण तुमच्या "हत्ती का आम्ही" ह्या प्रश्नाला त्या लोकांनी दिलेलं उत्तर असं आहे की शेतकऱ्याचं पीक वाचलं नाही तर हत्ती वाचतच नाही. मला ते पटतं.

कसबा बावडा, इयत्ता सहावी: माझ्या बाबांनी सांगितलं की वाघ दत्तक घेता येतो. मग तो घरी आणता येतो का? आमच्या घराला गच्ची आहे.

नाही गं बाळा, गच्ची कितीही मोठी असली तरी नाही! दत्तक म्हणजे त्याच्या जेवणाचा खर्च तू द्यायचा, वाघ तिथंच राहणार. म्हैसूरच्या झूमध्ये ही योजना खूप वर्षांपासून आहे. मी मे महिन्याच्या सुट्टीत भाच्यांना घेऊन गेले होते तेव्हा कितीतरी पिंजऱ्यांच्या बाहेर दत्तक घेणाऱ्यांच्या नावाच्या पाट्या बघितल्या, कुणी मुलाच्या वाढदिवसाला घेतलेला, कुणी आईच्या आठवणीसाठी. मोठ्या प्राण्यांना वर्षाचे लाखभर किंवा त्याच्या पुढं लागतात, पक्ष्यांना आणि छोट्या प्राण्यांना बरेच कमी. तुझ्या वर्गानं मिळून एखादा पोपट घेतला तर जमेल. आणि हो, पोपटावरनं आठवलं, घरात पिंजऱ्यात आपला हिरवा पोपट पाळणं कायद्यानं गुन्हा आहे, शेजारी कुणाकडं असेल तर त्यांना हे वाचायला दे.

आता तुझ्या बाबांसाठी दोन ओळी. म्हैसूरचं प्राणीसंग्रहालय १८९२ चं, आणि ते मुख्यतः गेटवर जमणाऱ्या पैशावर चालतं. त्यामुळं कोविडमध्ये गेट बंद झाल्यावर त्यांची पंचाईत झाली, आणि २०२१ मध्ये एका कन्नड सिनेनटानं प्राणी दत्तक घ्या म्हणून आवाहन केल्यावर थोड्याच दिवसांत कर्नाटकातल्या झूंकडं कोटीच्या वर रक्कम जमा झाली. पण हे पैसे त्या पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या खुराकाचे आहेत, जंगलातल्या वाघाचे नाहीत. परदेशातल्या काही दत्तक योजनांत एक सर्टिफिकेट आणि मऊ खेळणं हातात येतं आणि पैसे थेट जंगलातल्या प्रकल्पाला जातात. नाव एकच, दत्तक, पण पैशाची वाट वेगळी. फॉर्म भरताना बारीक अक्षरातलं वाचा.

शिवाजी विद्यापीठ, एमएस्सीचा विद्यार्थी: मॅडम, स्पष्ट बोलतो. हे सगळं मार्केटिंग आहे. झूला गर्दी पाहिजे म्हणून कॉन्झर्वेशनचं लेबल लावतात. एक तरी केस दाखवा जिथं झूच्या पैशानं एखादी प्रजाती जंगलात वाचली.

अर्धं तुझं खरं आहे, आणि अर्धं म्हणतेय ते तुला बरं वाटावं म्हणून नाही. एका मोठ्या शहरातल्या झूमध्ये, नाव घेत नाही, "वन्यजीव वाचवा" असं लिहिलेली दानपेटी बघून मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, हे पैसे कुठं जातात हो? तो म्हणाला, मॅडम मागं लाइन आहे. पेटीवर ना प्रकल्पाचं नाव, ना जागेचं, ना वर्षाचं. मी शंभराची नोट काढली होती ती परत पर्समध्ये टाकली.

पांडाचंही बघ. चीन पांडा विकत नाही, मुदतीवर देतं, आणि एका जोडीसाठी परदेशातल्या झूनं वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत मोजल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेनं १९९८ मध्ये नियम केला की पांडा आणायचा असेल तर हे पैसे चीनमधल्या जंगली पांडांच्या कामालाच लागले पाहिजेत. नियम चांगला, पण पांडा आला की झूपुढं रांगा लागतात, तेव्हा हा धंदा आहे की संवर्धन, ह्या वादात तू एकटा नाहीस.

पण केस मागतोस तर देते, आणि आपल्याच देशातली देते. पिग्मी हॉग. जगातलं सगळ्यात छोटं रानडुक्कर, उंचीला फूटभरसुद्धा नाही, वजन आठ-दहा किलो, हिमालयाच्या पायथ्याच्या उंच गवतात राहणारं. लोकांनी हे संपलंच असं धरलं होतं, १९७१ मध्ये आसामात पुन्हा सापडलं. आता ह्याच्यासाठी कोण पैसे देणार सांग, ना पट्टे, ना आयाळ, कॅलेंडरवरपण कुणी छापत नाही. पैसे आणि माणसं दिली ती इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या झूनं. जेराल्ड ड्युरेल ह्यांनी १९५९ मध्ये हा झूच मुळात नामशेष होत चाललेल्या प्राण्यांसाठी काढला होता. त्यांचा ट्रस्ट, आसामचं वनखातं, केंद्र सरकार आणि तज्ज्ञांचा गट असं मिळून काम सुरू झालं. १९९६ मध्ये आसामातल्या मानस राष्ट्रीय उद्यानाच्या गवतातनं सहा डुकरं पकडली, गुवाहाटीजवळ बासिष्ठाला वाढवली, २००८ पासून त्यांची पिल्लावळ सोनाई रुपाई आणि इतर गवताळ रानांत सोडायला लागले, आतापर्यंत दीडशेच्या वर सोडलीत. आणि सोडण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे गवत सांभाळणं, कुठलं गवत कधी जाळायचं आणि कधी नाही हे वनखात्याच्या लोकांबरोबर बसून ठरवणं. हे काम फोटोत चांगलं दिसत नाही, त्यामुळं ह्याला पैसे मिळणं सगळ्यात अवघड.

मी स्वतः आता झू खरा का खोटा हे असं बघते, की त्याला मी प्रकल्पाचं नाव विचारलं तर तो गाव सांगू शकतो का. जिल्हा, गाव, तिथं काम करणारी संस्था, किती वर्षं चाललंय. सांगितलं तर माझी नोट पर्समधनं बाहेर. "आम्ही निसर्गासाठी कटिबद्ध आहोत" असं उत्तर आलं तर पुढं चला.

कागल, महिला बचत गट: आमचा अकरा जणींचा गट आहे, पापड-लोणची करतो. प्राणी वाचवण्यात आमच्यासारख्यांचा काय संबंध?

ताईंनो, तुमच्यासारख्याच बायकांनी मंगोलियात हिमबिबट्या वाचवायला हातभार लावलाय, आणि तोही घरबसल्या लोकर कातून.

झालं असं की अमेरिकेत सिॲटलच्या वूडलँड पार्क झूमध्ये १९७२ मध्ये हिमबिबट्यांची जोडी आली. तिथं काम करणाऱ्या हेलन फ्रीमन ह्यांचा त्यांच्यावर जीव जडला आणि त्यांनी १९८१ मध्ये हिमबिबट्यांसाठी स्नो लेपर्ड ट्रस्ट काढली. पुढं लक्षात आलं की हा प्राणी मरतो तो बहुतेक वेळा मेंढपाळाच्या हातनं, कारण त्यानं शेळी मारली म्हणजे त्या घराच्या कमाईला मोठा फटका. मग त्या मेंढपाळ घरातल्या बायकांना लोकरीच्या वस्तू करायला शिकवल्या, चपला, छोटी खेळणी, चटया, आणि त्या वस्तू अमेरिकेतल्या झूंच्या दुकानात आणि इतरत्र विकायला ठेवल्या. झूला आलेला माणूस पोरासाठी लोकरीचा उंदीर घेऊन जातो, पैसे तिकडं डोंगरात.

खरी मेख पुढं आहे. वस्तूंचे पैसे तर मिळतातच, शिवाय वर्षाला बोनस असतो, पण अट अशी की त्या भागात कुणीही हिमबिबट्याची किंवा त्याच्या खाद्याची शिकार करायची नाही. एकानं जरी केली तरी सगळ्यांचा बोनस गेला. आता तुम्हाला गटाचं गणित माहितीच आहे, एकीचा हप्ता थकला की बाकीच्या दहा जणी कशा तिच्या दारात जाऊन बसतात! तस्संच. तिथं वनरक्षक एक, आणि नजर ठेवणाऱ्या बायका गावभर.

आपल्याकडं हिमाचलात स्पितीतल्या किब्बरला म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनबरोबर ह्याच ट्रस्टनं जनावरांच्या विम्याची योजना केली, गावकरी स्वतः हप्ता भरतात आणि हिमबिबट्यानं जनावर मारलं की गावाचीच कमिटी भरपाई ठरवते. तुमच्या पापडाचं म्हणाल तर चांदोली किंवा दाजीपूरला येणाऱ्या पर्यटकांना स्थानिक गटांचा माल मिळेल असं दुकान कुणी नीट चालवलं तर मी पहिली गिऱ्हाईक.

मंगळवार पेठ: शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात चित्ते होते म्हणतात. मग आता आपल्याकडं साधा झू का नाही?

होते की, पण झूमध्ये नाही, शिकारीसाठी. काळविटामागं सोडायला शिकवलेले चित्ते संस्थानात होते, त्यांना सांभाळणारी घराणी होती, आणि त्यातले बरेच चित्ते आफ्रिकेतनं आणलेले, कारण आपले तोपर्यंत दुर्मिळ झाले होते. १९५२ मध्ये भारतातनं चित्ता संपल्याचं जाहीर झालं.

आता ह्याच्या पुढचा दुवा ऐका. अमेरिकेतल्या सिनसिनाटी झूमध्ये एंजल नावाची चित्ता मादी होती, तिला शाळाशाळांतनं मुलांना दाखवायला न्यायचे, आणि ती गेल्यावर १९९२ मध्ये तिच्या नावानं फंड काढला. असे बरेच झू नामिबियातल्या चीता कॉन्झर्वेशन फंडला पैसे देत आलेत. ही संस्था १९९० मध्ये लॉरी मार्कर ह्यांनी काढली, त्या स्वतः झूमधनंच पुढं आलेल्या. नामिबियात बहुतेक चित्ते राखीव जंगलात नाहीत, शेतकऱ्यांच्या कुरणांवर फिरतात, आणि शेळी मारली की शेतकरी गोळी घालणार. तर १९९४ पासून ही संस्था शेतकऱ्यांना राखणीची कुत्री देते, तुर्कस्तानातल्या मेंढपाळांची जात, पिल्लू असतानाच शेळ्यांच्यात सोडतात, ते स्वतःला कळपातलंच समजतं आणि चित्ता आला की भुंकून उभं राहतं. चित्ता भांडणाच्या भानगडीत न पडता निघून जातो. आपल्याकडं धनगरांच्या वाड्यावर बघा, हेच शास्त्र आहे, फंड नाही एवढंच. आणि १७ सप्टेंबर २०२२ ला जे आठ चित्ते कुनोला उतरले ते ह्याच नामिबियातले, ही संस्था त्यांच्याबरोबर होती. कुठं सिनसिनाटीची शाळा, कुठं नामिबियातलं कुत्रं आणि कुठं कुनो.

झू नाही ह्याचं मला व्यक्तिशः काही वाटत नाही. दाजीपूर गव्यांसाठी १९५८ मध्ये अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. ते असताना पिंजऱ्यातला गवा बघायला तिकीट कशाला काढायचं.

शिरोळ तालुका: आपल्या देशातले झू असे पैसे जंगलाला का देत नाहीत? आणि माधुरीबद्दल तुम्ही का लिहीत नाही?

माधुरीबद्दल नांदणीच्या लोकांच्या भावना मला माहिती आहेत, २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशानं ती जामनगरला गेली तेव्हा जिल्ह्यानं काय बघितलं तेही आठवतंय. पण तो मठातल्या हत्तिणीचा आणि तिच्या तब्येतीचा प्रश्न, आजचा विषय जंगलात जाणाऱ्या पैशाचा. दोन्हीची भेसळ केली तर दोन्हीवर धड बोलणं होणार नाही, त्यामुळं आज नाही.

पैशाचं सांगते. आपले बरेच झू महापालिकेचे नाहीतर सरकारी. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये पेंग्विन आले, दुसऱ्या वर्षी तिकीट ५ रुपयांचं ५० झालं, उत्पन्न वाढलं, पण ते महापालिकेच्या तिजोरीत. तिथनं "हे घ्या गडचिरोलीच्या जंगलाला" असं कुणा अधिकाऱ्याला मनात आलं म्हणून देता येत नाही, त्याला ऑडिटला तोंड द्यायचं असतं. आपल्या झूंकडं दुसरी कामं सोपवलीत. १९९२ पासून सेंट्रल झू ऑथॉरिटी आहे, तिच्या मान्यतेशिवाय झू चालवता येत नाही, आणि तिच्या योजनेत झू धोक्यातल्या प्राण्यांची पैदास करतात. हैदराबादच्या नेहरू झूमध्ये वाढवलेली पिसोरी हरणं नल्लमलाच्या जंगलात सोडली, दार्जिलिंगच्या झूतले रेड पांडा २००३ मध्ये सिंगालिलात सोडले. म्हणजे पैसे नाही तर प्राणी गेले.

उलट व्याघ्रप्रकल्पांचं गेट जास्त सरळ आहे. २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक व्याघ्रप्रकल्पाला स्वतःचं फाउंडेशन काढायला सांगितलं, पर्यटकांच्या फीचे पैसे त्यात जमा होतात आणि तिथल्याच जंगलावर आणि गावांवर खर्च होतात. सह्याद्री व्याघ्रप्रकल्प २०१० चा, तोही ह्यातच येतो. चांदोलीला गेलात आणि पावती फाडली तर ती जपून ठेवा, तुमच्या तिकिटाला पत्ता आहे.

गंगावेस, तरुण मंडळ: ताई, गणपतीत ह्या वेळी जंगलासाठी कायतरी करायचं म्हणतोय. पोरं तयार आहेत. आयडिया द्या.

अमेरिकेत झूमध्ये काम करणाऱ्या लोकांची, म्हणजे पिंजरे झाडणाऱ्या, चारा घालणाऱ्या कीपर लोकांची संघटना आहे, पगार काही फार मोठे नाहीत. १९९० पासून ही मंडळी गावोगावी बोलिंगचे सामने भरवतात, बोलिंग फॉर रायनोज, लोकांकडनं वर्गणी घेतात आणि सगळीच्या सगळी रक्कम गेंड्यांच्या जंगलांना पाठवतात, केनियातल्या लेवाला आणि इंडोनेशियातल्या जावा-सुमात्राच्या गेंड्यांच्या रानांना. जो सगळ्यात जास्त जमवतो त्याला बक्षीस काय, तर लेवाला जाऊन यायचं. म्हणजे आयुष्यभर पिंजऱ्यातल्या गेंड्याचं शेण काढलेल्या माणसाला शेवटी मोकळा गेंडा बघायला मिळतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ पुढचं काही वाचलंच नाही.

तुमच्याकडं बोलिंग नाही पण तालीम आहे, रस्सीखेच आहे, फुटबॉल तर आहेच आणि त्याला गर्दी मी सांगायला नको. एक दिवसाची स्पर्धा घ्या, प्रवेश फी ठेवा, एका संध्याकाळचा डॉल्बी कमी करा आणि ते भाडंही ह्यात घाला. पण आधी ठरवा की पैसे कुठल्या गावाला आणि कशासाठी. माझं मत विचाराल तर आज ज्यांचं पत्र छापलंय त्या आजऱ्याच्या दादांच्या भागातल्या राखणीच्या टोळ्यांना चांगल्या बॅटऱ्या घेऊन द्या, आधी तिथल्या वनपरिक्षेत्र कार्यालयाशी बोला, कुठं लागणार आहेत ते त्यांना माहिती असतं, आणि तुम्ही स्वतः रात्री हत्ती बघायला म्हणून तिथं गर्दी करू नका, ही माझी अट. जमा किती, खर्च किती, बॅटऱ्या किती आणि कुठल्या वाडीला दिल्या, हे एका फ्लेक्सवर लिहून मंडपाच्या दारात लावा, पुढाऱ्यांच्या फोटोएवढ्याच मोठ्या अक्षरात. लावला की मला फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापते.